चारशेची लेन्स आणि पणदऱ्याचे डॉक्टर

एक सेकंद म्हणजे नेमका किती वेळ, हे मला पणदऱ्याच्या एका गुरांच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून शिकवलं. तो स्टेथोस्कोप गाईच्या पोटाला लावलेला नव्हता, कॅमेऱ्याच्या पोटाला लावलेला होता.

खरं सांगायचं तर ते डॉक्टरही नव्हते. सरकारी दवाखान्यात गाई भरवायचं काम त्यांच्याकडे होतं. मोटारसायकलला वळूच्या वीर्याच्या कांड्यांची थंडगार टाकी बांधायची आणि पणदऱ्यापासून लोणी भापकरपर्यंत गोठे फिरायचे, असं त्यांनी नोकरीभर केलं. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा आणि तेही कधी कुणाची चूक दुरुस्त करत नसत. "ह्या भागातल्या निम्म्या वासरांचा कागदोपत्री बाप म्याच हाय," असं ते भर पंगतीत सांगायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वाढता वाढता म्हणायच्या, "व्हय, आन एकाच्या बी बारशाला गेला न्हाईत."

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा राजकारणाला. डॉक्टर जुन्या कॅमेऱ्यांना लागले. तेही रोलच्या. बंद पडलेल्या स्टुडिओचा माल, आजोबांच्या पेटीत सापडलेला कॅमेरा, हौसेनं मागवलेला सेकंडहँड डबा, काहीही घेऊन लोक त्यांच्याकडे यायचे. ते कॅमेरे विकत नसत, दुरुस्तही करत नसत. फक्त तपासत. फी म्हणून समोरच्यानं तांब्याभर ताक एका दमात संपवायचं. ताक अर्धवट टाकणाऱ्याचा कॅमेरा ते हातात घेत नसत. "ज्येला ताक संपवायला धीर न्हाय, त्यो पाखरासाठी काय थांबणार?"

तपासणीचा थाट बघण्यासारखा होता. कॅमेरा अंगणात चौरंगावर ठेवायचा आणि डॉक्टर बाजेवर बसून पाच मिनिटं लांबूनच त्याच्याकडे बघत राहायचे. "जनावर आधी लांबनं बघावं. जवळ गेलं की मानूस त्येच्या डोळ्यात अडकतं." मग उचलून वजन बघायचे. मागचं झाकण उघडून कडेच्या काळ्या स्पंजाला काडी लावायचे. स्पंज काकवीसारखा चिकट झाला असला तर तोंड वाकडं. मग झाकण उघडंच ठेवून, कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरून, एकेका वेगावर बटण दाबायचे. आणि शेवटी वेग एका सेकंदावर ठेवून स्टेथोस्कोप कानात घालायचे. अंगण चिडीचूप. पडदा उघडल्याचा खट्, आतल्या चाकांची किरकिर, पडदा मिटल्याचा खट्. काकींनी मध्येच भांडं आपटलं तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

"सव्वा सेकंद," ते निकाल द्यायचे. "म्हातारा दमलाय. फुडचं गिऱ्हाईक."

मी त्यांच्याकडे गेलो त्याचं कारण कॅमेरा नव्हतं. कारण होतं ती लेन्स.

चारशे मिलिमीटरची. हातभर लांब, जपानी, धातूची, मागचं तोंड आट्यांचं, म्हणजे कॅमेऱ्यावर झाकणासारखी फिरवून बसवायची. ओल लागून काच खराब होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ती दुधाच्या बरणीत, काकींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. संकरित गाई बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याला आपल्याच एका गाईनं लाथ घातली, डॉक्टरांनी त्याची मांडी गुरांच्या मलमानं बरी केली आणि जाताना तो कॅमेरा आणि लेन्स दोन्ही देऊन गेला, असा इतिहास. पुढे उजनीच्या पाण्यात, होडीत उभ्यानं लेन्स बदलताना डॉक्टरांचा तोल गेला. एका हातात कॅमेरा, एका हातात लेन्स, आणि होडीची कड धरायला एक हात मोकळा हवा.

"कॅमेरा सोडला," ते सांगायचे. "कॅमेरा म्हंजी नुसती दावन हो. दावनी मिळत्यात बाजारात. गाय म्हंजी लेन्स."

दुसरा कॅमेरा ते घेणारच होते, पण तेवढ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. ज्या हातांनी आयुष्यभर नाजूक कामं केली त्या हातांत आता चहाची बशी वाजायची. चारशेची लेन्स म्हणजे दुर्बीणच की. कॅमेऱ्यामागे केसाएवढा हात हलला तर पुढे पाखरू हातभर हलतं. डॉक्टरांनी लेन्स बरणीत ठेवली आणि झाकण लावलं.

त्यांच्या पुतण्याचं इंदापूरच्या बाजूला हमरस्त्यावर मोठं हॉटेल आहे. काचेच्या कपाटात तो जुन्या वस्तू मांडतो. एक ग्रामोफोन, एक पितळी स्टोव्ह, एक तलवार, तीही बहुधा नाटकातली. एकदा जेवायला आला आणि म्हणाला, "तात्या, नुसती पडून हाय ती लेन्स. माझ्या कपाटात ठेवा, चार लोक बघतील तरी." डॉक्टर त्या दिवशी स्वतःच्या हातांवर चिडलेले होते. बोलून गेले, "येत्या शिमग्यापातूर ह्या लेन्सला शोभंल असा कॅमेरा कुणी आणला आन त्यो माज्या तपासनीत पास झाला, तर लेन्स त्येची. न्हायतर तुजी."

शब्द गेला. आणि डॉक्टरांचा शब्द म्हणजे फक्त फोटोग्राफीच्या बाबतीत नव्हे, एकूणच परत न येणारी गोष्ट.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, राहायला बारामतीत. जाता-येता उजनीच्या फुगवट्यावरची पाखरं बघून डोकं फिरलेल्या माणसांपैकी एक. मोबाईलमध्ये माझ्याकडे रोहित पक्ष्यांचे हजारभर फोटो होते. सगळ्यांत गुलाबी ठिपके. ती लेन्स बरणीतून बाहेर निघालेली मी एकदाच पाहिली. नंतर घरी जेवणात मीठ आहे की नाही हे मला कळेना. शिवाय ग्रामोफोनशेजारी ती उभी आहे, आणि बाजूला लोक बोटं चाटत सेल्फी काढताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा मागचा शिमगा नुकताच झालेला होता. हातात एक वर्ष होतं.

माझा पहिला कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारातला. चकचकीत, हलका, आट्यांच्या तोंडाचा. दहावीला पहिला आलेल्या पोराच्या बापासारखा मी अंगणात शिरलो. ताक संपवलं. डॉक्टरांनी त्यावर आपली लेन्स बसवली आणि म्हणाले, "बघा आत."

मी डोळा लावला. चौकटीच्या मधोमध एक वाटोळं, त्याची अर्धी बाजू काळीठिक्कर.

"बिघडलाय का हो?"

"न्हाय. त्यो आखूड लेन्सचा गडी हाय. मधल्या भिंगाचे दोन तुकडे जुळवून फोकस करायचा, आसा त्येचा कायदा. लांब लेन्स उजेड कमी देती, मग एक तुकडा आंधळा हुतो. आपल्याला आत साधी दुधी काच पायजे, बिनकायद्याची. आन वजन बघा की. मेंढीच्या मानंवर बैलाचं जू. नापास."

दुसरा कॅमेरा रशियन. इंदापुरात बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेला. वजन असं की पिशवीचा बंद तुटला. डॉक्टर खूश दिसले. "मुऱ्हा म्हैस हाय," म्हणाले. दुधी काच होती, पडद्याचा आवाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फाळकं पडावं तसा होता. मग त्यांनी सर्वात जलद वेगावर झाकण उघडं ठेवून बटण दाबलं आणि मला खिडकीकडे बघायला लावलं. चौकटीचा एक कोपरा काळाच राहिला.

"पळताना लंगडतंय. पाखरू उडताना ह्यो लंगडणार. आन ह्येचा आरसा बघा, धाडदिशी वर जातो. लांब लेन्सला तेवढा हादरा बास हाय. आरसा आधीच वर करून ठेवता आला पायजे." मग जरा थांबून म्हणाले, "तसा आरसा म्हंजी लई खोडसाळ प्रकार बघा, पाव्हणं. लेन्समधलं समदं आपल्या डोळ्याला त्योच दावतो. पन बटान दाबलं की वर पळतो आन डोळ्याफुडं अंधार. फोटो निघतो तवा फोटो काढणारा आंधळा असतो. इतकी वर्सं पाखरांचे फोटो काढले म्या, पन ज्या घडीचा फोटो आला ती घडी एकदा बी बघितली न्हाय."

हे सांगताना ते हसत होते. पण तपासणी त्या दिवशी तिथंच थांबली.

तिसरा कॅमेरा मला बारामतीतच सापडला, आणि तोही ज्याच्याकडे मी वर्षानुवर्षं घड्याळाचे सेल बदलायला जायचो त्या चाचांच्या दुकानात. काचेआड, गजराच्या घड्याळांमागे बसला होता. काळा, धातूचा, आट्यांच्या तोंडाचा, आत साधी दुधी काच, आणि बाजूला आरसा वर करून ठेवायचा छोटासा खटका. चाचांनी आतली चाकं स्वतः साफ केली होती. "घड्याळच आहे ते," म्हणाले, "फक्त वेळ दाखवत नाही, कापतं." किंमत माझ्या खिशाला झेपेल एवढीच सांगितली, वर बटणाला लावायची एक लांब तार फुकट दिली. तारेचं एक टोक कॅमेऱ्याच्या बटणात फिरवून बसवायचं, दुसऱ्या टोकाला अंगठ्यानं दाबायचं.

हे झालं नवरात्रात. दुसऱ्या दिवशी कारखान्यात होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं खंडेनवमीची पूजा केलेली. पाटावर माझी पान्ह्यांची पेटी, मुलीचा लॅपटॉप, विळी, शिलाई मशीनचं चाक, आणि मधोमध माझा कॅमेरा. झेंडू, अक्षता, सगळं यथासांग. कॅमेऱ्यावर लेन्स नव्हती, तोंडाला नुसतं प्लास्टिकचं झाकण. ते बाजूला काढून ठेवलेलं.

"अगं, हे झाकण का काढलंस?"

"अहो, हत्याराची पूजा झाकणाला करायची का? उघडलं तर आत आरसा! केवढं प्रसन्न वाटलं. मग तिथंच कुंकू लावलं."

मी आत पाहिलं. आरशाच्या बरोबर मध्यावर, ठसठशीत, ओलं करून लावलेलं गंध, त्यावर कुंकू आणि कुंकवावर एक अक्षता. डॉक्टरांचा पहिला नियम होता, आरशाला श्वासही लागू द्यायचा नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी चेहरा पाडून पणदऱ्याला गेलो. डॉक्टरांनी आत डोकावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं थरथर वाढली. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "आगं ये, भाईर ये! पाव्हण्यांच्या कॅमेऱ्याची वटी भरलीया!"

काकींनी पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "चांगलं केलं की पोरीनं. सवाष्ण दिसतीया."

गुरांच्या कानात हवा मारायचा रबरी फुगा घेऊन डॉक्टरांनी कोरडं कुंकू आणि अक्षता उडवून लावली. ओल्या गंधाचा ठिपका तेवढा राहिला. "ऱ्हाऊ द्या. पुसाय गेलं तर आरसा जाईल. ह्यो डाग बघणाऱ्याला दिसतो, फोटोत उतरत न्हाय." मग स्टेथोस्कोप. खट्, किरकिर, खट्. त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं. मग स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला.

"ह्येला म्हनत्यात एक सेकंद," ते म्हणाले.

"म्हणजे पास?"

"कॅमेरा न्हाय म्हनलं तरी पास झाल्यातच जमा. पन तुमची तपासनी कुठं झालीया अजून?"

मग माझा कोरडा महिना सुरू झाला, जो पुढे चार महिने चालला. कॅमेऱ्यात रोल घालायचा नाही. पाण्यावर जायचं, मोकळं बटण दाबायचं आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचं, काय दिसलं, का दाबलं. दर आठवड्याला माझ्या सुट्टीच्या दिवशी वही तपासून घ्यायची. "मोबाईलवालं शंभर फोटो काढून एक ठेवत्यात. आमच्या धंद्यात एक कांडी, एक वासरू. दुसरी कांडी लागली तर डॉक्टराची इज्जत गेली." माझ्या एका पानावर लाल पेननं शेरा आहे : 'बगळा बसला होता म्हणून दाबले. बगळा बसतोच. त्यात काय?' असे शेरे वाचून घरात सगळ्यांनी माझी कीव केली. पण एक झालं. पाण्यात बुडालेल्या बाभळीचं एक खोड काठापासून जवळ उभं आहे, त्यावर कैकर, म्हणजे मासे मारणारी घार, रोज सकाळी मासा घेऊन येऊन बसते, हे मला त्या वहीमुळे कळलं. त्या पानावर शेरा होता : 'आता बोला.'

फेब्रुवारी संपत आला. पुतण्याचा फोन येऊन गेला. कपाटात लेन्ससाठी जागा केली होती, खालून दिवा लावायची सोयसुद्धा. शिमग्याला आठ दिवस उरले असताना डॉक्टर म्हणाले, "उद्या रोल घाला. लेन्स घिऊन येतो. कैकर घावली तर कॅमेरा, मानूस, समदंच पास."

सकाळी आम्ही काठावर. डॉक्टरांचा लाकडी स्टँड, त्याला खाली दगडांची पिशवी लटकवलेली. वर माझा कॅमेरा, पुढे ती हातभर लेन्स. शेजारी एक ओळखीचा होडीवाला जाळं सोडवत बसलेला. मी खोडावर फोकस केला, डॉक्टरांनी डोळा लावून मान हलवली. "आता आरसा वर करा. तार लावा. आन हात काढा त्येच्यावरचा, तुमी श्वास घेतला तरी हलतंय."

तार त्यांनी आयुष्यात कधी वापरली नव्हती. तरुणपणी ते लेन्स हातावर तोलायचे आणि तारेला 'आळशी मानसाची काठी' म्हणायचे.

कैकर आली. पायात मासा, तोही अजून शेपूट हलवणारा. खोडावर उतरली. आणि मी, चार महिन्यांचा तयार गडी, सवयीनं डोळा कॅमेऱ्याला लावला. आत काळोख.

"डॉक्टर, काहीच दिसंना!"

"आरं आरसा वर हाय! कपाळाखालच्या डोळ्यानं बघा की!"

मी दचकून मागे झालो, तार हातातून सुटली. डॉक्टरांनी ती हवेतच धरली. त्यांच्या थरथरत्या मुठीत ती तार उंदराच्या शेपटीसारखी वळवळत होती. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा गप्प उभा. ते वळवळणं अर्ध्या वाटेतच मुरून जात होतं. त्यांनी अंगठा दाबला.

खट्.

डॉक्टर तसेच उभे. नजर खोडावर. मग हळू आवाजात म्हणाले, "दिसली."

"काय?"

"फोटो निघताना दिसली मला. मासा फाडला तिनं, त्याच घडीला. दिसली की वं!" मग एकदम गुरकावले, "बघत काय ऱ्हायलात? रोल फिरवा!"

मी रोल फिरवला. खट्. फिरवला. खट्. एक कांडी, एक वासरू सांगणाऱ्या त्या माणसानं माझा छत्तीसचा रोल कैकरीचा मासा संपायच्या आत संपवला. माझ्या वाट्याला एक आला नाही. रोल अडकला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरा न्हाय आणला? कसलं मानूस तुमी!"

मग मासा संपला, कैकर उडाली, आणि दोघांनाही शिमगा आठवला. डॉक्टर तार हातात धरूनच माझ्याकडे वळले.

"कॅमेरा पास," ते म्हणाले. "मानूस काठावर पास. शब्द म्हंजी शब्द. लेन्स तुमची."

वर्षभर ज्या वाक्यासाठी मी ताक प्यालो ते वाक्य हे. ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून तारेच्या टोकावर होता आणि निघायला तयार नव्हता.

"माझी झाली ना, डॉक्टर? मग ती कुठं ठेवायची हे मीच ठरवणार."

"ठरवा की."

"माझ्या घरी नको. तिथं परत पूजा व्हायची. तुमच्याकडे ठेवतो. आणि लेन्स एकटी नको, कॅमेराही तिच्यासोबत राहील. जोडी मोडायची नाही. सुट्टीच्या दिवशी मी येतो रोल फिरवायला."

त्यांनी नाकातून एक आवाज काढला, जो हसण्याचा असू शकेल. मग मला हात लावू न देता त्यांनी कॅमेऱ्यासकट लेन्स स्टँडवरून सोडवली आणि नुकतं जन्मलेलं वासरू उचलावं तशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी स्टँड खांद्यावर घेतला, दगड पाण्यात ओतले.

होडीवाला इतका वेळ सगळं ऐकत होता. आम्ही वर चढायला लागलो तसा त्यानं जाळ्यातून डोकं वर काढलं.

"डाक्टर, कॅमेरा कुनाचा ह्यो?"

"पाव्हण्यांचा."

"आन ती तोफ?"

"ती बी पाव्हण्यांचीच. आत्ताच झाली."

"मग ह्येच्यात तुमचं काय हाय?"

डॉक्टर थांबले. कॅमेरा नीट एका कुशीत घेतला आणि दुसरा हात मोकळा करून त्याच्यापुढे धरला, थरथरता.

"आंगठा," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.